सोलापुरी चादरीच्या सोळा घड्या, एक दाभण आणि चिलखताचा प्रश्न

जेकार्डवाला · रविवार, रात्री ११.१०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात मेहुण्याच्या लग्नाला हैदराबादला गेलो होतो. एक दुपार मोकळी सापडली म्हणून सालारजंग म्युझियममध्ये शिरलो. सगळी जनता त्या वाजणाऱ्या घड्याळापुढे ठोका पडायची वाट बघत बसलेली, आणि शस्त्रांच्या दालनात मी जवळजवळ एकटा. जिरह, म्हणजे लोखंडी कड्यांचा विणलेला सदरा. चारआईना, म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही बगलांवर बांधायचे चार पत्रे. कोपरापर्यंतचे दस्ताने, नाकावर पट्टी उतरलेले टोप.

आमच्या घरात तीन पिढ्या माग. आजोबांचा हातमाग, वडिलांचे यंत्रमाग, माझ्याकडे आता चार जेकार्ड (नक्षी विणणारे माग) उरलेत. त्यामुळे काचेआड लोखंड ठेवलेलं असलं तरी माझी नजर कापड शोधते. एका टोपाच्या आत डोकावलो तर उशीसारखं शिवलेलं अस्तर, मळून काळं पडलेलं, एका अंगाला उसवलेलं आणि आतून कापूस डोकावतोय. टाके थेट आमच्या आजीच्या वाकळीचे.

घरी येऊन वाचत बसलो ते पहाट झाली. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा घालून लढायचे. सोळाव्या शतकात तिथे उतरलेल्या स्पॅनिश शिपायांपैकी कितीतरी जणांनी आपलं लोखंड बाजूला ठेवून तोच अंगात चढवला. ११९१ साली, क्रुसेडच्या धर्मयुद्धांत, पॅलेस्टाइनमधल्या अर्सूफच्या वाटेवर सुलतान सलाहुद्दीनच्या छावणीतला इतिहासकार बहाउद्दीन लिहून ठेवतो की फिरंगी पायदळाच्या पाठीत दहा-दहा बाण रुतलेले, आणि शिपाई रांग न मोडता चाललेत. अंगात जाड नमदा आणि जिरह. नमदा म्हणजे दाबून बसवलेली लोकर, आपल्या घोंगडीची चुलत बहीण.

पण कापडात बाण अडतो हे काही पोटात उतरेना. म्हणून आज कारखान्याला सुट्टी होती ती सत्कारणी लावली. विणकामात फॉल्ट गेलेली एक चादर घेतली. वजनकाट्याचं दोन किलोचं माप, त्याच्या बुडाला वेल्डिंगवाल्याकडून पोतं शिवायचं दाभण बसवून घेतलं. एक मीटर लांब पीव्हीसी पाइप उभा धरला, खाली चादरीच्या घड्या, त्याखाली शाडूचा गोळा. माप वरून सोडायचं आणि शाडूत भोक पडलं का बघायचं.

८ घड्या: सप्पकन आरपार. १२ घड्या: आरपार. १६ घड्या: तरी शाडूत पेरभर भोक. तोंडच उतरलं माझं.

मग दाभण काढून सुताराची दहा मिलिमीटरची पटाशी लावली. तेवढंच माप, तेवढीच उंची. १६ पैकी ९ घड्या कापल्या, दहावी शाबूत. शेवटी ऊसतोडीचा कोयता घेतला आणि ओंडक्यावर चादर ठेवून अंगातलं सगळं बळ लावून हाणला. ६ घड्या.

आता प्रश्न. धारेला कापड पुरून उरतं आणि टोकापुढे हरतं, असं असेल तर बाण कसा अडला? बाण म्हणजे टोकच की.

गड्डा · रविवार, रात्री ११.२५

बाकी जाऊ दे बे, चादर कापलेली घरात कळलं का ते सांग आधी.

जेकार्डवाला · रविवार, रात्री ११.२७

अजून नाही. पोटमाळ्यावर आहे.

सदाशिवपेठी · सोमवार, सकाळी ७.०५

धागा रोचक आहे, पण निष्कर्षाची घाई नको. कापडी चिलखत हे ज्याला लोखंड परवडत नाही त्याचं चिलखत होतं. पैसेवाले सरदार पत्र्याची पूर्ण चिलखतं घालत, ती उगाच नव्हे. प्रजेच्या हाती रजई आणि राजाच्या अंगावर पोलाद, एवढंच त्याचं तात्पर्य.

विजापूरवेस · सोमवार, सकाळी ९.४०

पेठी, अर्धं बरोबर. स्वस्त होतं म्हणून गरिबाचं होतं, पण श्रीमंताने सोडलं नव्हतं. तो लोखंडाखाली घालायचा. जेकार्डवाल्यांनी टोपात जे अस्तर पाहिलं तेच अंगावरही असायचं. जिरहच्या खाली नुसतं मलमल घालून कोणी तलवारीचा घाव घेतला तर कडी तुटणार नाही, पण बरगडी तुटेल. कड्यांची जाळी लवचिक असते, घाव तसाच आत पोचवते. तो पचवायला खाली काहीतरी मऊ आणि जाड लागतंच.

आणि नुसत्या कापडाचंही ऐका. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईने आपल्या शिपायांसाठी फर्मान काढलं त्यात कापडी कोट कसा शिवायचा ते लिहिलंय. ३० पदर कापड, किंवा २५ पदर आणि वर हरणाचं कातडं. कापडही नवं नको, वापरून मऊ झालेलं हवं म्हणे. राजा फर्मानात पदर मोजतोय म्हणजे कोणीतरी मोजून मारून बघितलं असणार.

आपल्याकडे मुघली फौजेत चिहलता नावाचा कोट होता. चिहल म्हणजे फारसीत चाळीस. चाळीस पदरांचा. त्याचीच थोरली आवृत्ती म्हणजे चिलता हजार माशा: मखमलीवर हजारो पितळी टिकल्या-खिळे ठोकलेला कोट. दिसायला दरबारी, आत कापडाचे थर.

ठिणगी · सोमवार, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी. मेकॅनिकलवाला आहे.

तुमचं दोन किलोचं माप एक मीटरवरून पडलं की साधारण २० जूल ऊर्जा. ताकदवान युद्धधनुष्याचा बाण जवळून १०० जूलच्या आसपास येतो. म्हणजे तुम्ही बाणाच्या पाचव्या हिश्शाने मारलंत. तरी दाभण गेलं. का? दाभण तीनेक मिलिमीटर जाड. ते सूत तोडतच नाही. ताणा-बाणाच्या मधून वाट काढतं, धागे बाजूला सरकवतं. तुम्ही विणकर, तुम्हाला मी काय सांगू.

बाणाचं तसं नसतं. टोक बारीक असलं तरी त्यामागून बोटाएवढी काठी यायची असते. तिला वाट करून द्यायला कापडाला सूत तोडू द्यावं लागतं, आणि जे तुटत नाही ते काठीला आवळून धरतं. प्रत्येक पदर ब्रेक लावतो. म्हणून बहाउद्दीनचे शिपाई पाठीत बाण घेऊन चालत होते. बाण कापडात होते, टोकं फार तर कातडीला टोचत असतील.

आता लोखंड. पत्र्याची जाडी दुप्पट केली की भेदायला लागणारी ऊर्जा साधारण तिप्पट होते, दुप्पट नाही. म्हणून १ मिलिमीटरच्या पत्र्यापेक्षा २ मिलिमीटरचा पत्रा कितीतरी भारी. शिवाय पत्रा तिरका असेल तर बाण घसरतो. युरोपातल्या छातीच्या पत्र्याला मधोमध उंच कणा काढलेला दिसतो तो शोभेचा नाही. समोरून आलेल्या प्रत्येक गोष्टीला तिरकं अंग दाखवायचं. टोप गोल का, त्याचंही उत्तर तेच.

यूट्यूबवर इंग्लंडमधल्या हत्यारं घडवणाऱ्या एका माणसाने ओढायला १६० पौंड जोर लागणाऱ्या धनुष्याने, २५ मीटरवरून, अडीच मिलिमीटरच्या छातीच्या पत्र्यावर बाण मारून दाखवलेत. एकही आत गेला नाही. पण फुटलेल्या बाणांच्या चिपा उडून गळ्याकडे जात होत्या, हे जास्त बघण्यासारखं आहे. त्यासाठी पत्र्याच्या वरच्या काठाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी पट्टी ठोकायचे, चिपा बाजूला वळवायला.

गड्डा · सोमवार, दुपारी १.३०

आणि वजन? सिनेमात त्या चिलखतवाल्यांना क्रेनने घोड्यावर बसवतात राव.

ठिणगी · सोमवार, दुपारी १.४४

थाप आहे ती. लढाईचं पूर्ण पत्र्याचं चिलखत २० ते २५ किलो, तेही सगळ्या अंगावर वाटलेलं. घातलेला माणूस पळतो, पडला तर उठतो, घोड्यावर स्वतः चढतो. घोड्यावरून भाल्याने टक्कर द्यायच्या खेळातली चिलखतं मात्र याहून बरीच जड असायची, गोंधळ तिथून झाला.

फुकट मात्र काही नाही. २०११ साली लीड्सच्या संशोधकांनी चिलखत घातलेल्या लोकांना ट्रेडमिलवर चालवलं. चालायला दुपटीहून जास्त शक्ती लागली. कारण पायावरचं लोखंड प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. तेवढंच वजन पाठीवर असतं तर कमी दमले असते. आणि छाती आवळल्यामुळे श्वास उथळ पडत होता.

वाकळ · सोमवार, संध्याकाळी ६.२०

जेकार्डवाले दादा, तुमचं चुकलंय कुठं ते सांगू का? तुम्ही घड्या घातल्या. शिवल्या नाहीत.

मी सांगोल्याकडची, सासर सोलापुरात. आईनं वाकळा शिवून आम्हाला शिकवलं. वाकळ म्हणजे नुसती फडकी एकावर एक नसतात. दुहेरी दोरा, सबंध अंगभर धावदोरा, ओळी अशा जवळ की मधे बोट मावू नये. शिवून झाली की तीच फडकी वेगळी वागतात. हाताला पाटासारखी लागते. कारण एका पदरातलं सूत आता सरकू शकत नाही, टाक्यानं खालच्या-वरच्याला बांधलेलं असतं. ठिणगी म्हणतात ना दाभण धागे सरकवून वाट काढतं? मग सरकूच देऊ नका की.

दुसरं. घडी घातली की सगळ्या पदरांत ताणा एकाच दिशेला पडतो. एक आड एक पदर तिरका लावा. म्हणजे वरच्या पदरात दाभणाला जी फट मिळाली ती खालच्यात सापडणार नाही.

आणि तिसरं, खळ. कांजीची खळ देऊन वाळवलेलं कापड टोचून बघा, साध्या कापडाहून कडक जातं. पण ते घरी नका करू, मुंग्या लागतात. 😄

जेकार्डवाला · सोमवार, संध्याकाळी ६.३१

अक्का, साष्टांग दंडवत. ताण्याला आम्ही खळ देतोच की, मागावर सूत तुटू नये म्हणून. डोळ्यापुढे असून सुचलं नाही. येत्या रविवारपर्यंत शिवून बघतो. दोरा कुठला वापरू?

वाकळ · सोमवार, संध्याकाळी ६.५०

गोधडीचा जाड सुती. नायलॉन नको, घसरतो. आणि अंगठ्याला टोपण घाला, सोळा पदर म्हणजे बोटांची चाळण होते.

सदाशिवपेठी · सोमवार, रात्री ८.१०

खळीवरून आठवलं. प्राचीन ग्रीकांचं लिननचं, म्हणजे जवसाच्या सुताच्या कापडाचं चिलखत होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना घेऊन ते बनवलं, लिननचे थर एकमेकांना चिकटवून, सुमारे १२ मिलिमीटर जाड. बाण चांगले अडले. त्यावर वाद असा की ग्रीक लोक ते चिकटवत होते की शिवत होते. वाकळताईंची बाजू घेणारे विद्वानही पुष्कळ आहेत. माझं सकाळचं 'प्रजेच्या हाती रजई' हे वाक्य मागे घेतो.

गड्डा · सोमवार, रात्री ८.१२

स्क्रीनशॉट काढून ठेवा रे. पुणेकराने वाक्य मागे घेतलंय.

भुईकोट · मंगळवार, सकाळी १०.०५

सगळं ठीक, पण या सोलापूरच्या उन्हात कोण घालणार? मे महिन्यात आपण बनियन काढून बसतो. मला वाटतं दख्खनमध्ये हे सगळं शोभेलाच असणार.

विजापूरवेस · मंगळवार, सकाळी ११.३०

शोभेलाच कसं? आपण राहतो तो मुलूख शंभरावर वर्षं निजामशाही आणि आदिलशाहीच्या ओढाताणीत गेला. तुमच्या नावातला भुईकोट म्हणजे आपला किल्लाच तर चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून विजापूरकडे गेला. तो परत मिळवायला किती कापाकापी झाली. इथल्या फौजा चिलखताशिवाय लढल्या असं कसं म्हणता?

पुरावा लांब बिकानेरात आहे. मुघलांनी आदिलशाही बुडवल्यावर अदोनीचा किल्लाही घेतला, तेव्हा मोहिमेत बिकानेरचा अनूपसिंह होता. अदोनीच्या शस्त्रागारातली जिरह-बख्तरं तो घरी घेऊन गेला. त्यांच्यावर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरीत अदोनीचं नाव आणि संवत १७४८ (साधारण इ.स. १६९१) ठोकलेलं आहे. आज जगभरच्या संग्रहालयांत दख्खनी म्हणून जी चिलखतं दिसतात त्यातली बरीच त्या लुटीतली. कड्यांच्या सदऱ्यात छातीवर आडव्या पट्ट्या गुंफलेल्या, कड्या खिळ्याने बंद केलेल्या. ती वापरायची चिलखतं होती. पुढे पुढे इथल्या जिरहच्या कड्या नुसत्या टोकाला टोक भिडवलेल्या दिसू लागतात, बिनखिळ्याच्या. भाल्याने उसवतील अशा. ती मात्र खरोखर दरबाराची.

उन्हाचा मुद्दा खोटा नाही. लोखंड तापतं. म्हणून वर अंगरखा. पण कापडी चिलखताला ऊन जास्त बाधतं, हे कोरियाने भोगलंय. १८६६ मध्ये फ्रेंच बंदुकांचा मार खाल्ल्यावर त्यांनी सुती कापडाच्या पदरांचं गोळी अडवणारं जाकीट काढलं, दहापेक्षा जास्त पदरांचं. १८७१ च्या जूनमध्ये अमेरिकनांशी गंगव्हा बेटावर लढाई झाली तेव्हा शिपाई ते घालून होते. आतून घामाने बेजार, आणि तोफेच्या ठिणगीने कापूस पेटला की माणूस मशाल. त्यातलं एक जाकीट अमेरिकन घेऊन गेले, पुष्कळ वर्षं तिकडच्या संग्रहालयात होतं.

गड्डा · मंगळवार, दुपारी १२.१०

बरं, अफजलखानाच्या भेटीत महाराजांनी चिलखत घातलं होतं ना? ते कुठलं? कापडी का लोखंडी?

विजापूरवेस · मंगळवार, दुपारी २.४५

वाट बघत होतो हा प्रश्न कोण काढतो. १० नोव्हेंबर १६५९. सभासदाच्या बखरीत 'जरीची कुडती' असे शब्द आहेत, आणि खानाची कट्यार त्यावर खरखरली, अंगाला लागली नाही असं येतं. शाळेत आपण जर म्हणजे सोन्याची तार समजून पुढे गेलो. आता मला सांगा, कट्यार जरतारीवर खरखरेल का? जिरहवर खरखरेल. जरी हा जिरहचाच उच्चार मानला की वाक्य सरळ लागतं. मंदिलाखाली लोखंडी टोप होता ही परंपराही त्याला जुळते.

आणि निवड बघा. भेट गळाभेटीची. तिथे बाण नाही, बंदूक नाही, भाला नाही. धोका एकच, कुशीत शिरणारं आखूड पातं. त्याला कड्यांचा सदरा उत्तम, वर अंगरखा घातला की दिसतही नाही. चारआईना बांधून गेले असते तर मिठी मारतानाच ठणका वाजला असता.

बाकी मावळ्यांचं युद्ध वेगळं. रातोरात घाट उतरायचा, सकाळी दुसऱ्या तालुक्यात. पोलाद अंगावर घेऊन ते होत नाही. ढाल, डोक्याला घट्ट मुंडासं, आणि पाय. मुंडाशाला हसू नका. पन्नास फूट कापड डोक्याला गुंडाळलं की ते चिहलताच झालं. इंग्रज घोडेस्वारांच्या तलवारी हिंदी लोकांच्या पागोट्यांवर आणि रुईभरल्या अंगरख्यांवर बोथट ठरत, अशा तक्रारी एकोणिसाव्या शतकात त्यांनीच लिहिल्यात.

ठिणगी · मंगळवार, रात्री ९.००

यावर एक गंमत. कॅप्टन नोलान म्हणून इंग्रज घोडदळाचा अधिकारी होता, १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या लढाईत मेला तोच. त्याने आदल्या वर्षी लिहिलंय की निजामाच्या घोडेस्वारांनी एका चकमकीत मुंडकी, हात साफ उडवले. हा बघायला गेला की असली कसली पाती आहेत. तर ती इंग्रजांनीच टाकून दिलेली जुनी पाती! फक्त धार लावलेली आणि लाकडी म्यानात ठेवलेली. गोऱ्यांची म्यानं लोखंडी, तलवार आत-बाहेर करताना धार मरायची. म्हणजे चिलखत चांगलं की वाईट हे निम्मं समोरच्याच्या हत्यारावर अवलंबून.

बंदुकीचं राहिलंच. जड मस्केटची गोळी नळीतून निघताना दोन-तीन हजार जूलच्या घरात. १०० जूलच्या बाणासाठी बनवलेला पत्रा तिथे काय करणार? मग पत्रा जाड केला. कारागीर विकण्याआधी त्यावर स्वतः गोळी झाडून दाखवायचे, आणि तो पोचा तसाच ठेवायचे. गिऱ्हाईक पोचा बघून विकत घ्यायचं. पण छाती जाड केली की हातापायांवरचं काढावं लागलं, वजन कुठवर वाढवणार. असं करत करत चिलखत आकसत गेलं. स्वीडनचा राजा गुस्ताव अ‍ॅडॉल्फ १६३२ मध्ये ल्युत्झेनच्या लढाईत नुसत्या सांबरासारख्या जाड कातड्याच्या कोटात लढला, जुन्या जखमेला पत्रा बोचत होता म्हणून. तिथेच पडला. तो कोट स्टॉकहोममध्ये आहे, भोकांसकट.

विजापूरवेस · मंगळवार, रात्री ९.२०

मुलूखमैदान तोफ बघून आलात ना सगळे विजापूरला? १५४९ ची ओतीव, सुमारे ५५ टन. आधी परंड्याला होती. तिच्यासमोर चिहलता काय आणि चारआईना काय.

भुईकोट · मंगळवार, रात्री ९.३५

आणि शेवटी फिरून कापडावरच आलो की आपण. पोलिसांचं बुलेटप्रूफ जाकीट केव्हलारचं, म्हणजे विणलेलंच. १९६५ मध्ये ड्यूपाँमध्ये स्टेफनी क्वोलेक बाईंनी तो धागा शोधला.

ठिणगी · मंगळवार, रात्री ९.५२

हो, आणि त्याचीही गत जेकार्डवाल्यांच्या चादरीसारखीच. पिस्तुलाची गोळी अडते, कारण ती बोथट असते, एकदम पुष्कळ सूत ताणते. बारीक सुरी किंवा सुया मात्र साध्या विणीतून शिरतात. म्हणून तुरुंगातल्या पहारेकऱ्यांची जाकिटं वेगळी, फार घट्ट विणीची.

जेकार्डवाला · पुढचा रविवार, रात्री १०.४०

मंडळी, अहवाल.

सोळा पदर, एक आड एक तिरका. अक्कांनी सांगितल्याप्रमाणे दुहेरी दोरा, ओळी अर्ध्या बोटावर. दीड फूट बाय दोन फुटांचा तुकडा शिवायला चार संध्याकाळी गेल्या. दोन दिवस आईनेच शिवला, म्हणजे चादरीची गोष्ट घरात कळली. तिने आधी शिव्या घातल्या आणि मग माझे टाके उसवून परत घातले.

वजन पावणेदोन किलो भरलं. पूर्ण कोट केला तर सात-आठ किलो जाईल, जिरहच्या आसपास पोचलो की. म्हणजे हलकं-हलकं म्हणून जे ऐकतो तेही सोळा पदरांना तेवढं खरं नाही.

तेच माप, तेच दाभण, तोच पाइप. पाच वेळा सोडलं. चार वेळा टोक शाडूपर्यंत आलंच नाही. नंतर एका कडेने उसवून मोजलं, चौदाव्या पदरात अडकलेलं. बाहेर काढायला पक्कड लागली, दोन्ही पाय तुकड्यावर ठेवून ओढलं तेव्हा निघालं. पाचव्या वेळी दाभण बरोबर दोन ओळींच्या मधे पडलं आणि शाडूत गव्हाच्या दाण्याएवढं भोक पडलं. पटाशीने पाच पदर कापले, मागच्या वेळी नऊ होते.

मग दोऱ्या लावून तो तुकडा छातीवर बांधला आणि माग चालू करून कामाला उभा राहिलो. बाहेर ४१ अंश. दहा मिनिटांत बनियन पिळून निघेल असं भिजलं. वाकून तुटलेला धागा सांधायचा तर पोटाशी ते पाटासारखं अडतं, हात पुढे जाईना. कामगार हसून बेजार. एकाने विचारलं, अण्णा, कोणाशी भांडायला निघालात?

अक्का, आई विचारतेय की बगलेखाली मोकळं कसं सोडायचं. तिला पुरा कोटच शिवायचाय आता.

वाकळ · पुढचा रविवार, रात्री १०.५८

बगलेत चौकोनी कळी, म्हणजे वेगळा जोडतुकडा घाला, चार पदरांचीच. फोन करा उद्या, आईंशीच बोलते.